काहील, पॅन आणि लॅपटॉपचा पंखा

मंडळी, गेले दोन शनिवार इथे काही लिहिलं नाही. लॅपटॉप आजारी होता, आणि त्याला बरा करणारा डॉक्टर साखर कारखान्यातला निघाला. सविस्तर सांगते.

मे महिन्यात आठवडाभर मामांकडे गेले होते, इंदापूर तालुक्यात. उजनीचं पाणी खाली गेलेलं, पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर आलेलं, आणि दुपारी पारा बेचाळीसवर. (पुण्यात आपण अडतीसलाच रडायला लागतो.) सुट्टी वगैरे नव्हती, कामाची जागा फक्त बदलली होती. सोमवारी रिलीज होतं आणि शनिवार-रविवारात आमच्या प्रोजेक्टचा पूर्ण बिल्ड निदान दहा वेळा तरी मारायला लागणार होता. पुण्यात हा बिल्ड १८ मिनिटांत होतो. मामांच्या माडीवर गादीवर मांडी ठोकून बसले, तर पहिलाच बिल्ड ३१ मिनिटं! लॅपटॉपचा पंखा तर असा ओरडत होता की खालून मामी विचारायला आली, वर मिक्सर कशाला नेलास म्हणून.

मी अर्थातच गावच्या उन्हावर खापर फोडलं. बेचाळीस अंशांत यंत्र तरी काय करणार? सोमवारी रिलीज चुकणार या भीतीने नवीन लॅपटॉपच्या किमतीसुद्धा बघून झाल्या. (लॅपटॉप माझा स्वतःचा, चार वर्षांचा, वॉरंटी कधीच संपलेली.)

संध्याकाळी मामा वर आले. मामा तालुक्यातल्याच एका साखर कारखान्यात तीस वर्षं पॅनमन होते. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध रेल्वेच्या तिकिटापुरता. त्यांनी लॅपटॉपच्या कडेला, जिथून गरम हवा बाहेर येते तिथे हात धरला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाले, "आगं, ऊन हायेच. पण ह्यो वरडतोय किती आन् वारा टाकतोय किती? ह्याचा ड्राफ्ट गेलाय."

ड्राफ्ट म्हणजे हवेची ओढ. बॉयलरवाल्यांचा शब्द. रात्री बिल्ड चालू असताना आमच्या ज्या गप्पा झाल्या, आणि नंतर पुण्याला आल्यावर मी जे वाचलं, त्यातून हा लेख झालाय. लॅपटॉप थंड कसा राहतो याची गोष्ट मला चुलवण आणि काहिलीपासून सांगावीशी वाटते.

आधी थोडा हिशोब

प्रोसेसर जेवढी वीज खातो ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. जड काम करताना मोठ्या लॅपटॉपचा प्रोसेसर सलग ४५ वॅट घेतो असं धरू. ४५ वॅट म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बएवढेसुद्धा नाहीत, मग एवढा बाऊ का? तर ते किती जागेतून निघतात ते बघा. चिपचा जो खरा सिलिकॉनचा तुकडा असतो तो दीड-दोन चौरस सेंटीमीटरचा. म्हणजे एका चौरस सेंटीमीटरमागे साधारण २५ वॅट. आपली १५०० वॅटची विजेची शेगडी, १८ सेंटीमीटर व्यासाची, एका चौरस सेंटीमीटरमागे ६ वॅटच देते. शेगडीच्या चौपट आच, आणि ती मांडीवर घेऊन आपण बसतो.

शिवाय शेगडी लाल झाली तरी चालतं. इथे चिप ९५-१०० अंशांच्या वर जाऊ द्यायची नसते. त्या रेषेजवळ गेली की प्रोसेसर स्वतःच व्होल्टेज आणि वेग कमी करतो. म्हणूनच पहिली काही सेकंदं लॅपटॉप सुसाट असतो, ठरलेल्या वॅटच्या दुप्पटही ओढतो, कारण आतलं तांबं अजून गार असतं आणि उष्णता पिऊन घेतं. साधारण अर्ध्या मिनिटाने ही उधारी संपते. त्यानंतर जेवढी उष्णता बाहेर फेकली जाईल तेवढंच काम. दुकानात जो वेग सांगतात तो या पहिल्या अर्ध्या मिनिटाचा असतो, पण ते असो.

म्हणजे प्रश्न असा, की छोट्या जागेतली भरपूर उष्णता, तापमान चढू न देता, दुसरीकडे कशी न्यायची? हा प्रश्न कॉम्प्युटरवाल्यांना विसाव्या शतकात पडला. साखरवाल्यांना तो त्याच्या कितीतरी आधी पडलेला होता, थोडा उलट बाजूने.

काहिलीतून पॅनमध्ये

बारामती-इंदापूरचा हा पट्टा मुळात दुष्काळी. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर सरकारने भाटघरचं धरण आणि नीरेचा डावा कालवा हाती घेतला आणि १८८० च्या दशकात कालव्याचं पाणी या बाजूला आलं. पाण्यामागोमाग ऊस आला, उसामागोमाग गुऱ्हाळं.

गुऱ्हाळ ज्यांनी पाहिलंय त्यांना चुलवण आठवत असेल. जमिनीत खणलेली भट्टी, वर भलीमोठी काहील, एका तोंडाशी बसून चिपाडं सारणारा जाळव्या, दुसऱ्या टोकाला धुराडं. काहिलीत काय चाललंय हे ओळखणारा गुळव्या वेगळा. त्याचा शब्द शेवटचा. रस आटत आटत ११५ ते १२० अंशांच्या आसपास गेला की गूळ उतरवायचा. पाक घट्ट होत जातो तसा तो जागचा हलेनासा होतो, खालच्या पत्र्याला चिकटलेला थर वरच्यापेक्षा जास्त तापतो आणि करपतो. म्हणून सतत ढवळायचं. गुळाला थोडा करपटपणा चालतो, त्याने रंग आणि चव येते. पांढऱ्या साखरेला तो मुळीच चालत नाही. जास्त तापमानात जास्त वेळ ठेवलं की साखर फुटते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि त्याचा दाणा बनत नाही. ते सगळं शेवटी मळीत जातं. म्हणजे पैसेच मळीत.

म्हणजे साखरवाल्याला रसात प्रचंड उष्णता घालायची आहे, पाणी उडवायचं आहे, पण तापमान मात्र चढू द्यायचं नाही. मामांच्या शब्दांत, "शिजवायचं, पर जाळायचं न्हाई."

यावरचा तोडगा काढला इंग्लंडमधल्या एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने, १८१३ साली. (गृहस्थ नॉरफोकच्या ड्यूकचे धाकटे भाऊ. १८०० साली पाऱ्यापासून बनणारं स्फोटक शोधून काढलं आणि मग साखरेकडे वळले. करिअर बदलणारे आपणच पहिले नाही!) त्यांनी भांडं बंद केलं आणि आतली हवा काढून घेतली. पाणी १०० अंशांना उकळतं ते वर वातावरणाचा दाब असतो म्हणून. दाब पाचव्या हिश्शावर आणला की तेच पाणी ६० अंशांना उकळतं. हाच व्हॅक्यूम पॅन. भवानीनगर असो, माळेगाव असो की सोमेश्वरनगर, साखरेचा दाणा आजही या पॅनमध्येच तयार होतो.

मामांचं आयुष्य या पॅनच्या काचेसमोर गेलं. "व्हॅक्यूम सव्वीस इंच", हे त्यांच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकत आलेय. प्रूफ स्टिकने पाकाचा नमुना काढायचा, काचेच्या तुकड्यावर पसरायचा, उजेडात धरून दाणा बघायचा. व्हॅक्यूम दोन इंच जरी घसरला तरी तापमान वर जातं आणि दाण्याचं गणित बिघडतं. तीस वर्षं!

मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं ते हे, की हा व्हॅक्यूम मुख्यतः पंपाने होत नाही. पंप असतो, पण तो शिरलेली थोडीफार हवा काढण्यापुरता. खरं काम करतो कंडेन्सर. ६० अंशांना, त्या कमी दाबाला, एक लिटर पाण्याची साडेसात हजार लिटरहून जास्त वाफ होते. त्या वाफेवर गार पाणी फवारलं की ती परत लिटरभर पाणी होते आणि बाकीची जागा रिकामी पडते. त्या रिकाम्या जागेकडे पॅनमधली नवीन वाफ धावत येते. कोणी ढकलायला लागत नाही. झालेलं पाणी दहा मीटरहून उंच नळीतून खाली सोडतात, कारण वातावरणाचा दाब पाण्याला साधारण तेवढंच उचलू शकतो. त्यापेक्षा उंच नळी असली की पाणी आपोआप खाली उतरतं आणि हवा आत शिरत नाही. साखर कारखान्याची इमारत एवढी उंच का असते, याच्या कारणांपैकी हे एक. मी लहानपणापासून त्या इमारती बघतेय आणि इंजिनिअर म्हणवते, पण कधी विचारलं नव्हतं.

पॅनच्या आधी रस आटवायला इव्हॅपोरेटर असतात. तिथली हुशारी नॉर्बर्ट रिलिओची. न्यू ऑर्लिन्समध्ये १८०६ साली जन्मलेला हा कृष्णवर्णीय, पॅरिसमध्ये शिकलेला इंजिनिअर. एका भांड्यातली वाफ पुढच्या, कमी दाबाच्या भांड्याला तापवायला वापरायची, तिची वाफ त्याच्या पुढच्याला, अशी साखळी त्याने १८४० च्या दशकात पेटंट केली. १०० किलो रसातून साधारण ७५ किलो पाणी उडवायचं असतं, तेव्हा इंधनात केवढी बचत झाली असेल बघा. लुईझियानातल्या ज्या मळ्यांवर ही यंत्रं बसली तिथे गुलाम राबत होते, आणि हे यंत्र बनवणाऱ्याला स्वतःला गोऱ्यांच्या बरोबरीचे हक्क नव्हते. आयुष्याची अखेर त्याने पॅरिसमध्येच काढली.

ही यंत्रं आपल्या इथे आली ती इंदापूर तालुक्यातल्या कळंबजवळ. वालचंद हिराचंदांनी तिथे १९३० च्या दशकात साखर कारखाना उभा केला आणि गावाचं वालचंदनगर झालं. १९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला होता. पाचेक वर्षांत देशातले कारखाने तिसाच्या आसपास होते ते शंभराच्या वर गेले. पुढे वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रं आणि बॉयलर बनायला लागले, आणि त्यानंतर इस्रोच्या रॉकेटांची मोटर केसिंगसुद्धा. साखर आणि रॉकेट एका गावात कसं, असं लोकांना वाटतं. दोन्हीकडे जाड पत्रा वाकवून, वेल्ड करून दाब सहन करणारं भांडंच बनवायचं असतं.

बोटाएवढा पॅन

आता लॅपटॉपचं खालचं झाकण उघडू. प्रोसेसरवर तांब्याची पट्टी दिसते आणि तिच्यातून निघालेली एक-दोन चपटी तांब्याची नळी कडेच्या पंख्यापर्यंत जाते. बरेच जण समजतात की ही भरीव तांब्याची सळई आहे. ती पोकळ असते. आत पाण्याचे काही थेंब असतात आणि हवा काढून टाकलेली असते. तिला हीट पाइप म्हणतात.

हवा नसल्याने पाणी ४५-५० अंशांनाच उकळायला लागतं. प्रोसेसरकडच्या टोकाला वाफ होते, पंख्याकडच्या गार टोकाला तिचं पाणी होतं, तिथला दाब पडतो, नवीन वाफ तिकडे धावते. झालेलं पाणी परत यायला नळीच्या आतल्या बाजूला तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं पाणी त्यातून प्रोसेसरकडे परत येतं. मोटर नाही, पंप नाही. हे चित्र मी मामांना कागदावर काढून दाखवलं तर ते हसायलाच लागले. "आगं, ह्यो तर पॅन आन् कंडेन्सर. कुणी येवढासा केला?"

कुणी केला, तर त्याचीही गंमत आहे. जनरल मोटर्समध्ये रिचर्ड गॉगलर नावाचा इंजिनिअर फ्रिजवर काम करत होता. फ्रिजच्या कप्प्यातली उष्णता खाली ठेवलेल्या बर्फापर्यंत न्यायला त्याने अशी वातवाली नळी सुचवली आणि १९४२ साली पेटंटसाठी अर्ज केला. कंपनीने ती वापरलीच नाही. पुढे १९६३ साली लॉस अलामोसला जॉर्ज ग्रोव्हरने अंतराळातल्या अणुभट्टीसाठी हीच गोष्ट स्वतंत्रपणे शोधली, तीत पाण्याऐवजी सोडियमही घालून बघितलं, आणि तिला हीट पाइप हे नाव दिलं. अवकाशात गुरुत्वाकर्षणाचा आधार नसतो, तिथे वात कामाला येते. हॉवर्डपासून ग्रोव्हरपर्यंत थेट वंशावळ आहे असं मी म्हणत नाही. तशी ती नाही. चुलत घराणी म्हणा.

सुरुवातीच्या लॅपटॉपना यातलं काही लागत नव्हतं. १९८२ च्या ग्रिड कंपासला मॅग्नेशियमची बॉडी होती आणि उष्णता बॉडीतूनच निघून जायची. तोच कॉम्प्युटर स्पेस शटलमध्ये न्यायची वेळ आली तेव्हा त्याला पंखा लावावा लागला. वजनरहित अवस्थेत गरम हवा हलकी होऊन वर जात नाही, ती तिथेच घोटाळते! १९९३ मध्ये पेंटियम आला, वॅट चढले, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून लॅपटॉपमध्ये हीट पाइप दिसायला लागले.

खरा पेच त्यानंतर आला. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डने १९७४ मध्ये मांडलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करत गेलो की त्याच प्रमाणात व्होल्टेजही कमी करता येतं, त्यामुळे चिप जास्त तापत नाही. तीस वर्षं ते खरं ठरलं. मग ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून करंट गळायला लागला आणि व्होल्टेज आणखी उतरवता येईना. शिवाय चिप तापली की गळती वाढते आणि गळती वाढली की चिप आणखी तापते. २००४ मध्ये इंटेलने आपला पुढचा अतिवेगवान पेंटियम रद्दच केला. आदल्याच वर्षी त्यांच्या हैफाच्या टीमने लॅपटॉपसाठी कमी वॅटचा पेंटियम एम आणला होता, पुढची दिशा तीच ठरली. उष्णतेने कॉम्प्युटरचा रस्ता वळवला म्हणा ना. आपल्याला मल्टिथ्रेडिंगचे बग सोडवायला लागतात त्याचं मूळ कारण हेच.

ड्राफ्ट

मामा आणि मी ज्यावरून भांडलो ती गोष्ट आता. त्यांचं म्हणणं, पॅन कितीही चांगला असो, शेवटी सगळं वाऱ्यावर येतं.

हिशोब केला तर ते बरोबर निघतं. हीट पाइपच्या आत ४५ वॅट वाहून न्यायला मिनिटाला एक ग्रॅमपेक्षा थोडंसंच जास्त पाणी उकळावं लागतं. बस, एवढंच. पण ती उष्णता खोलीत सोडायला, हवा २० अंशांनी तापवून बाहेर टाकायची म्हटलं तर सेकंदाला दोन लिटर हवा लागते. मिनिटाला १२० लिटर! आत एक ग्रॅम पाणी आणि बाहेर १२० लिटर हवा, आणि ही सगळी हवा खालच्या जाळीतून, टेबल आणि लॅपटॉप यांच्यामधल्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीतून आत यायची. गादीवर ठेवला की ती फट संपली. पंखा मग जी हवा मिळेल ती घेतो, बऱ्याचदा स्वतःच बाहेर टाकलेली गरम हवा परत ओढतो.

पंखाही छताच्या पंख्यासारखा नसतो. हवा मधून आत घेऊन पात्यांनी कडेला फेकणारा ब्लोअर असतो, कारण पुढे तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या अगदी दाट पात्यांच्या फटींतून हवा जोर लावून ढकलायची असते. कारखान्यात बॉयलरचा धूर ओढणारा आयडी फॅन असाच असतो, फक्त त्याच्यात माणूस उभा राहील. आगुस्तात बऱ्यापैकी जुना प्रकार आहे हा. खाणीत हवा सोडायच्या अशा पंख्यांची चित्रं जर्मनीतल्या अग्रिकोलाच्या १५५६ च्या पुस्तकात आहेत.

पंख्याचा वेग दुप्पट केला की हवा दुप्पट होते, पण त्याला वीज आठपट लागते आणि आवाज कितीतरी वाढतो. म्हणून "जोरात फिरव" हा इलाज लवकर संपतो. आणि वाटच बुजली असेल तर पंखा नुसता जागच्या जागी हवा घुसळतो. ओरडतोय किती आणि टाकतोय किती, हे मामांनी हाताने ओळखलं ते हेच.

पण मी ऐकेना. बेचाळीस अंशांचं काय? मामा म्हणाले, "मग हिशोब कर की. शिकलीयास कशाला?"

केला. चिप १०० अंशांना थांबते. पुण्यात एसीत खोली २५ अंशांना, म्हणजे मधे ७५ अंशांची उतरण. माडीवर ४२, म्हणजे ५८ ची. उष्णता उतरणीच्या प्रमाणात वाहते, म्हणजे ४५ वॅटच्या जागी ३५ वॅट फेकता येतील. बरीच घट वाटते. पण प्रोसेसरची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि वेग कमी केला की व्होल्टेजही उतरवता येतं, त्यामुळे ढोबळमानाने वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात जाते. उलटं बघितलं तर वीज पाव हिश्शाने कमी झाली तरी वेग जेमतेम ८ टक्के पडतो. म्हणजे उन्हामुळे १८ मिनिटांचा बिल्ड फार तर २० मिनिटांचा व्हावा. माझा ३१ मिनिटांचा झाला होता. वरची अकरा मिनिटं उन्हाची नव्हती.

मी गप्प बसले.

माठ आणि फवारे

मग मी तरीही विचारलं, माठातलं पाणी भर उन्हात गार होतं, मग लॅपटॉप का नाही? तर पंख्याने कोरड्या वस्तूला हवा मारून ती हवेपेक्षा गार कधीच होत नाही. बेचाळीसची हवा मारली तर बेचाळीस ही तळरेषा. माठाला घाम येतो, पाणी उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं. इंदापूरच्या कोरड्या मे महिन्यात, आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असेल तर, ओलं फडकं बावीस-तेवीस अंशांपर्यंतही उतरू शकतं. कोकणात हे जमत नाही.

कारखान्याच्या आवारात हौद आणि त्यावर उडणारे फवारे असतात, स्प्रे पाँड म्हणतात त्याला. लहानपणी मला ते शोभेचे कारंजे वाटायचे. कंडेन्सरमधून आलेलं गरम पाणी तिथे हवेत उडवून गार करतात आणि परत वापरतात. तो माठच आहे, एकरभर पसरलेला. मोठी डेटा सेंटर्ससुद्धा बऱ्याच ठिकाणी असंच पाणी उडवून गार करतात. आपण ज्याला क्लाउड म्हणतो त्याच्या गच्चीवर कुठेतरी खरोखर वाफ निघत असते.

पण पाणी उडवून गारवा सगळ्यात चांगला मिळतो तो कोरड्या मुलखात, आणि कोरड्या मुलखात पाणीच नसतं. इंदापूर नीरा कालव्याच्या शेपटाला. वरच्या अंगाला पाणी उपसलं की टेलला पोचत नाही, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची तक्रार. साखर कारखान्याची सुटका अशी, की उसात ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. रस आटवताना निघणारं पाणी नीट परत वापरलं तर बाहेरून फारसं घ्यावं लागत नाही. (तो ऊस वाढवायला किती पाणी लागलं हा वेगळा आणि जास्त कडू विषय.) डेटा सेंटरच्या आत असं पाणी कुठून येणार? पुढच्या दहा वर्षांत आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न धरणाच्या पाणीवाटपाच्या बैठकीत निघाला तर मला नवल वाटणार नाही, आणि तेव्हा मी कुठल्या बाजूच्या खुर्चीत असेन हेही मला नीटसं सांगता येत नाही.

"आमचं बरं हुतं," मामा म्हणाले, "गळीत हंगाम थंडीत. उन्हाळ्यात कारखाना बंद करून सगळ्या ट्यूबा साफ करायच्या. तू कवा केल्यास?"

हा प्रश्न मला चांगलाच लागला. इव्हॅपोरेटरच्या नळ्यांवर आतून क्षाराचा थर बसतो. अगदी पातळ थर, पण उष्णता अडवतो. दर हंगामात त्या घासून काढतात, काही कारखाने तर मधेच गाळप थांबवून साफ करतात. पैशाचं नुकसान सोसून. चार वर्षांत मी लॅपटॉपचा एक स्क्रू काढला नव्हता.

ओव्हरहॉलिंग

रविवारी सकाळी उघडला. लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, खालचे स्क्रू काढले, बॅटरीची पिन सोडवली. पंख्याची पाती बऱ्यापैकी स्वच्छ होती, म्हणून मी म्हणणार होते बघा, काही नाही. मामांनी बॅटरी पाडली. म्हणजे टॉर्च. पंखा आणि तांब्याच्या पात्या यांच्या मधल्या सांध्यात, बाहेरून कुठूनच दिसणार नाही अशा जागी, करड्या रंगाचा एक पट्टा होता. आधी वाटलं कंपनीनेच लावलेला फोम आहे. चिमट्याने ओढला तर अख्खा निघाला, वाती वळायच्या कापसासारखा दाबून बसलेला. केस, धूळ, गादीचा कापूस. चार वर्षांचा हंगाम.

तुम्ही करणार असाल तर एक सांगते. पंख्यावर हवा मारताना पातं टूथपिकने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. आणि घरातला व्हॅक्यूम क्लिनर थेट सर्किटला लावू नका, स्टॅटिकचा धोका असतो. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट मी बदलली नाही, कारण इंदापुरात रविवारी ती शोधायला कोण जाणार. बारीक धूळ झाडायला मऊ ब्रश हवा होता, तो मामांनी आणून दिला.

मग लॅपटॉप गादीवरून पाटावर आला. मागच्या बाजूला दोन बाटल्यांची झाकणं, म्हणजे खाली बोटभर जागा. दुपारी दोन वाजता, माडीवर, बेचाळीस अंशांत बिल्ड मारला. मामा घड्याळ घेऊन समोर बसले होते, तीन वेळा कडेला हात धरून बघितला.

२० मिनिटं.

रिलीज सोमवारी वेळेवर गेलं. नवीन लॅपटॉपच्या किमती बघायच्या बंद केल्यात. मामी मात्र अजून फोनवर विचारते, तुझ्या मामांच्या दाढीच्या ब्रशाला तो करडा भुसा कुठून लागला म्हणून :-)